अक्षराची दिशा

परकी लिपी वाचता आली, कळफलकावर टंकता आली की पुरे. ती हाताने गिरवण्यात वेळ का दवडावा, असा प्रश्न आज भाषेच्या विद्यार्थ्याला पडतो. प्रश्न व्यवहाराचा आहे. हस्ताक्षराविषयीच्या हळव्या आठवणी हे त्याचे उत्तर नव्हे. आम्हांस ते उत्तर जपानी काताकाना लिपीतील एका अक्षरात दिसते. ते अक्षर म्हणजे 'शि'.

'शि'ला तीन रेघा. पहिल्या दोन आखूड, डाव्या बाजूस एकीखाली एक. तिसरी लांब, डावीकडे खालून निघून उजवीकडे वर जाणारी. 'त्सु'लाही तीनच रेघा, आणि नवख्याला ही दोन्ही अक्षरे जवळजवळ एकच वाटतात. परंतु 'त्सु'च्या आखूड रेघा माथ्याशी शेजारीशेजारी असतात आणि लांब रेघ उजवीकडून, वरून खाली उतरते. 'न्' आणि 'सो' या अक्षरांत आखूड रेघ एकच. भेद मात्र हाच. हात कोठून निघाला आणि कोठे गेला, हा येथे अक्षराचाच भाग आहे.

काताकानात मुख्यतः परभाषांतून आलेले शब्द आणि परदेशी नावे लिहितात. म्हणून जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे नावही याच लिपीत उतरते. 'शिंदे' हे आडनाव घ्या : शि, न्, दे. पहिल्या दोन अक्षरांच्या रेघा उलट्या पडल्या तर वाचणारा 'त्सुसोदे' वाचील. कळफलकावर रोमन अक्षरे दाबताच यंत्र योग्य तेच अक्षर पुढे करते. चूक टळते, पण ती का टळली, हे शिकणाऱ्याला कळत नाही.

'काता' म्हणजे अंश, तुकडा. ९ व्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षू चिनी ग्रंथ वाचताना ओळींमधल्या अरुंद जागेत वाचनाच्या खुणा करीत. तेथे पूर्ण अक्षराला ना जागा, ना सवड. मग अक्षराचा तुकडाच त्याच्या जागी उभा राहिला. 'इ' ही अशीच एका चिनी अक्षराची डावी बाजू. ही लिपी ग्रंथकाराच्या नव्हे, वाचकाच्या हातून घडली, हे साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे.

गिरवण्याचा आग्रह कर्मठपणाकडे झुकू शकतो, हे खरे. चिनी अक्षरांच्या बाबतीत तो झुकलाही. म्हणूनच जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाला २०१६ साली सांगावे लागले, की अक्षराचा सांगाडा शाबूत असेल तर रेघेचे टोक थांबले की वळले, एवढ्यावरून ते चूक ठरवू नये. हा विवेक आम्हांस मान्य आहे. मात्र 'शि'मधील रेघेची दिशा ही टोकाची नजाकत नव्हे, सांगाड्याचाच भाग आहे.

आपल्या 'घ' आणि 'ध' यांत, किंवा 'म' आणि 'भ' यांत, शिरोरेघेची फट केवढीशी असते! ती ज्याने स्वतः राखली, त्याला दुसऱ्याच्या घाईच्या हस्ताक्षरातही ती सापडते. गिरवणे हे वाचनाचेच शिक्षण आहे. अभ्यासक्रमातून काही कमी करायचेच असेल तर सुलेखनाचे गुण करावेत. गिरवणे काढू नये.