ओल भिंतीची, प्रश्न कारभाराचा

ओलसर घरे आणि श्वसनविकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मान्य केला होता. तरीही ब्रिटनमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये घरातील बुरशीने दोन वर्षांच्या अवाब इशाकचा बळी घेतला. वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती. उत्तर मिळाले, रंग मारा. दोष रहिवाशांच्या सवयींचा, हे त्यामागचे गृहीतक. संशोधनही तेथूनच सुरू झाले, तर ते उघड्या खिडक्या मोजेल, गळती नव्हे. म्हणूनच प्रश्न ठरवतानाच भाडेकरूंना सहभागी करून घेणे हा निव्वळ उपचार ठरत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील सामाजिक घरांना लागू झालेल्या ‘अवाबच्या कायद्या’ने तपासणी-दुरुस्तीच्या मुदती बांधून दिल्या. मुदत कायदा ठरवू शकतो. भाडेकरूच्या सांगण्याला पुराव्याचे मोल मात्र संशोधनानेच द्यावे लागेल.