आकाशातले अंतर आणि जमिनीवरचे

धाराशिव ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते. विमानाला तेवढे अंतर कापण्यास तासभर पुरतो. रस्त्याने ते चारशेच्या पुढे जाते आणि एस.टी.ने निघालेल्या माणसाची अख्खी रात्र त्यात सरते. नकाशा सर्वांना एकच असला, तरी अंतर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे लांबते किंवा आखडते.

सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्यासाठी आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. धाराशिवची धावपट्टी २००९ साली खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. तेथून नियमित प्रवासी सेवा मात्र सुरू झाली नाही. त्यामुळे जिल्ह्यातील प्रवाशाला आधी साठ-सत्तर किलोमीटरवरचे सोलापूर गाठावे लागते. तपासणी व प्रतीक्षा धरली, तर तासाभराच्या उड्डाणापायी अर्धा दिवस जातो. तरीही निकडीच्या वेळी ही सेवा उपयोगी पडेल, हे नाकारण्याचे कारण नाही. विमानाला विरोध हा समाजवाद्यांचा कार्यक्रम नव्हे. प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. खर्च भागत नाही, हे कारण देण्यात आले. त्याच वर्षी सोलापूर-मुंबई उड्डाणांना राज्याच्या तिजोरीतून तफावत निधी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. कारण तेच: तिकिटातून खर्च भागत नाही! विमानाची तूट भरली की तो विकास, एस.टी.ची तूट मात्र महामंडळाचा नाकर्तेपणा. महिलांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, या सवलती स्वागतार्हच आहेत. पण गाडीच आली नाही, तर सवलतीचा उपयोग काय?

रेल्वेची कहाणी याहून जुनी आहे. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली, ती येडशीवरून; जिल्ह्याचे ठाणे बाजूलाच राहिले. रुंदीकरणात मार्ग वळवून २००७-०८ मध्ये धाराशिव रेल्वेमार्गावर आले, म्हणजे जवळजवळ शतक लोटले. आता ८४ किलोमीटरच्या सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचे तेच होऊ घातले आहे. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापुरात त्याची मंजुरी जाहीर केली. २०२५ सरले तरी त्यावरून प्रवासी गाडी धावली नव्हती. नवरात्रात तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी येणारे लाखो लोक, कारखान्यांकडे निघणारे ऊसतोड मजूर, सोलापूरच्या रुग्णालयांत जाणारे रुग्ण यांचे अंतर कमी करील, ते साधन हेच आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. या रेल्वेमार्गाच्या कामाचे टप्पे व मुदती सरकारने जाहीर कराव्यात. विमानाच्या आसनाला लावलेला तफावत निधीचा न्याय एस.टी.च्या तोट्यातील ग्रामीण फेऱ्यांनाही लावावा. कार्यकर्त्यांनी केवळ निवेदनावर थांबू नये. परंड्यापासून उमरग्यापर्यंत प्रत्येक बसस्थानकावर रद्द होणाऱ्या फेऱ्यांची तारीखवार नोंद ठेवावी, ती ग्रामसभेत वाचावी आणि ठरावासह आगारप्रमुखांपुढे मांडावी. विमान किती वेळात पोहोचते, याचा हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत, फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्याच्या तासांचा हिशेब ठेवणे, हे चळवळीचे काम आहे.