इशारा : धोमच्या मृतांना मालिकेच्या कालपटातून घटस्थापनेच्या आत बाहेर काढा

‘देवमाणूस’ मालिकेच्या विकीवर लिहिणाऱ्या, त्यात रात्री-अपरात्री भर घालणाऱ्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. वाई, सातारा आणि सांगलीकडच्या सदस्यांनी तो आधी वाचावा, कारण दोषही सगळ्यात जास्त आपलाच आहे. विकीच्या चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर सांगून झालं, एकेकट्याला गाठून समजावून झालं. आता येत्या घटस्थापनेला रात्री बारा वाजता कालपटाच्या, म्हणजे मालिकेतल्या घटनांच्या कालक्रमाच्या पानाला कुलूप लागेल. त्याआधी त्या पानावरचं प्रत्येक खऱ्या माणसाचं नाव, गाव, घराचा फोटो आणि बेपत्ता झाल्याची तारीख ज्याने घातली त्याने स्वतःच्या हाताने काढायची आहे. जो काढणार नाही, त्याचा संपादनाचा हक्क त्या रात्री कायमचा जाईल.

प्रकरण काय आहे ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईजवळच्या धोम गावच्या एका तथाकथित डॉक्टरला अटक झाली. एका अंगणवाडी कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्याचा तपास सुरू होता, त्यातून सहा खुनांचा आरोप पुढे आला. पहिला २००३ मधला, शेवटचा २०१६ मधला. पाच स्त्रिया, एक पुरुष. त्या दिवसांत वाईच्या मंडईत, एसटी स्टँडवर लोक दुसरं काही बोलत नव्हते. पुढे ३१ ऑगस्ट २०२० ला झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली. ती याच प्रकरणावर बेतलेली आहे हे कोणापासून लपलेलं नव्हतं. किरण गायकवाड यांनी डॉ. अजितकुमार देव असा उभा केला की टाळेबंदीने कंटाळलेली घरं रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसू लागली. दुसरं पर्व डिसेंबर २०२१ मध्ये आलं आणि २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’.

इथून कालपटाचा वाद सुरू झाला, आणि सुरुवातीला तो चांगला वाद होता. ‘मधला अध्याय’ प्रक्षेपणात तिसरा, पण नावानेच मधला. मग पहिल्या पर्वातल्या कुठल्या गोष्टी त्याच्या आधीच्या, कुठल्या नंतरच्या? ‘रात्रीस खेळ चाले’च्या चाहत्यांनी हे आपल्या आधी भोगलंय. २०१६ च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने झाली आणि २०१९ च्या दुसऱ्या पर्वात तेच अण्णा जिवंत, कारण कथा मागे गेली. त्या मालिकेची साल-तिथी जुळवायला लोक वह्या घेऊन बसले. शेरलॉक होम्सच्या वाचकांचं तर विचारूच नका. १८८७ च्या कादंबरीत डॉ. वॉटसनच्या खांद्याला गोळी लागलेली आणि १८९० च्या कादंबरीत पायाला. गेली शंभराहून अधिक वर्षं जगभरचे वाचक त्यावर भांडतायत. त्या भांडणाने कोणाचं वाकडं झालं नाही, कारण वॉटसन कधी जन्मालाच आला नव्हता.

धोमच्या स्त्रिया जन्माला आल्या होत्या. त्यांना मुलं होती, भाऊ होते, माहेर होतं, आणि ती माणसं आजही याच तालुक्यांतून राहतात.

कालपटाच्या पानावर कोणीतरी एक तक्ता केला. डाव्या रकान्यात मालिकेतला भाग आणि पात्र, उजव्या रकान्यात ‘खरी घटना’. त्या उजव्या रकान्यात एका मृत स्त्रीचं पूर्ण नाव, तिच्या सासरच्या वाडीचं नाव, ती घरातून निघाली ती तारीख, आणि शेवटी कंसात एकच शब्द : ‘जुळतं?’ खाली दुसऱ्याने उत्तर दिलं की जुळत नाही, मालिकेत पात्र त्या वेळी डॉक्टरच्या प्रेमात होतं, म्हणजे ‘ही पण असणार’. तिसऱ्याने त्यावर पुरावा मागितला. चौथ्याने वाडीतल्या घराचा रस्त्यावरून काढलेला फोटो चिकटवला.

हे ज्यांनी लिहिलं त्यांना मी विचारतो : मालिकेतलं प्रेम कोणी लिहिलं? पटकथाकाराने. का लिहिलं? आठवड्याचे भाग भरायला, रोज रात्री शेवटच्या क्षणी प्रेक्षकाचा श्वास अडकवून ठेवायला. त्यात गैर काही नाही, तो त्या धंद्याचा भागच आहे. पण तुम्ही ते काल्पनिक प्रेम उचललंत आणि खऱ्या, मेलेल्या बाईच्या पदरात टाकलंत. ती उठून ‘नाही’ म्हणू शकत नाही. तिच्या मुलीने आईचं नाव शोधलं तर तिला काय दिसेल, याचा क्षणभर तरी विचार केलात का? पटकथाकाराने भाग वाढवण्यासाठी रचलेलं लफडं आईच्या नावासमोर, आणि त्यावर अनोळखी माणसांचा ‘जुळतं’, ‘जुळत नाही’ हा हिशेब.

यालाच अनेकजण ‘संशोधन’ म्हणतात. वाईत बसून हा शब्द इतक्या हलक्या हाताने वापरू नका. याच गावात प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचं काम झालं. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. नोंद लेखकाने लिहायची, जाणत्याने तपासायची, संपादकाने पुन्हा पाहायची, खात्री नसेल तर वाक्य गाळायचं, अशी शिस्त या गावाला ठाऊक आहे. आणि पडदा वेगळा नि गाव वेगळं, हे वाईइतकं कोणाला कळायला हवं? २००३ च्या ‘गंगाजल’मध्ये आपलं गाव बिहारमधलं तेजपूर झालं. ‘स्वदेस’चं चित्रीकरण मेणवलीच्या घाटावर झालं. शूटिंगची गाडी गेली की संध्याकाळी घाट पुन्हा आपला. एवढं कळणाऱ्या गावातले लोक धोमच्या बाबतीत मात्र पडद्यावरचं सगळं खरं धरून बसले आहेत, याची मला चीड येते.

आता काही जण म्हणतील, सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे, आम्ही फक्त गोळा केलं. वर्तमानपत्राने तपासाची बातमी दिली. तुम्ही त्या बातमीतलं नाव काढून एका काल्पनिक पात्राच्या शेजारी मांडलंत आणि चारित्र्यावर शेरा मारलात. दोन्ही एक नव्हे. कायद्यातही ते एक नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची जी व्याख्या आहे, तिच्या स्पष्टीकरणात मृत व्यक्तीवर केलेला आरोपही बसतो, जर तो जिवंतपणी तिच्या लौकिकाला बाधा आणणारा असता आणि नातेवाइकांच्या भावना दुखावण्यासाठी केला असेल तर. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे आजवर म्हणता आलं असेल. हा इशारा वाचल्यानंतर म्हणता येणार नाही.

आरोपीबद्दलही तेच. न्यायालयाचं काम न्यायालयाला करू द्या. डॉ. अजितकुमार देवच्या तोंडचे संवाद आरोपीचा कबुलीजबाब म्हणून लिहिलेली वाक्यंही त्याच मुदतीत निघतील.

स्पॉयलरचा विषय यासमोर किरकोळ वाटेल, पण तोही याच इशाऱ्यात निकालात काढतो. झी५ वर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधी दिसतो. ज्यांना दिसतो त्यांनी पाहावा, आनंद घ्यावा. पण संध्याकाळीच पानाच्या मथळ्यात ‘अमक्याचा मृत्यू’ लिहून ठेवण्याचा हक्क त्या पैशांत मिळत नाही. कराडच्या बाजारातून घरी येऊन, जेवणं उरकून, भांडी घासून रात्री टीव्हीपुढे बसणारी बाई हीच या मालिकेची खरी प्रेक्षक आहे. तिचा अर्धा तास तुम्ही लुटता. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून चाललंय आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका अशी विनंती प्रेक्षकांना पडदा पडताना केली जाते. हजारो अनोळखी माणसं ती पाळतात. आपल्याला एक रात्र धीर धरवत नाही? यापुढे कोणताही भाग टीव्हीवर दाखवून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतरच त्याची नोंद होईल. मथळ्यात, चित्राखालच्या ओळीत किंवा पात्राच्या नावापुढे मृत्यू लिहायचा नाही, तो आतल्या मजकुरात लिहायचा. चित्रीकरणाच्या जागी झाडाआडून मोबाइलवर काढलेले व्हिडिओ टाकणाऱ्यांना एकदाही सूट मिळणार नाही.

मुदतीबद्दल गैरसमज राहू नये म्हणून एक तांत्रिक गोष्ट स्पष्ट करतो. विकीवर मजकूर पुसला तरी जुनी आवृत्ती इतिहासात शिल्लक राहते आणि कोणीही ती उघडू शकतं. म्हणून पुसून गप्प बसू नका. कोणत्या तारखेच्या कोणत्या संपादनात खरं नाव होतं ते प्रचालकांना कळवा, म्हणजे ती आवृत्तीही कायमची झाकता येईल. जो स्वतःहून कळवेल त्याला कोणी काही बोलणार नाही, त्याचं नाव चावडीवर येणार नाही आणि त्याचा हक्क शाबूत राहील. घराचा फोटो ज्याने टाकला त्याने तो मुदतीची वाट न पाहता आजच काढायचा आहे. उद्या सकाळी तो तिथे दिसला तर पानाची प्रत, टाकणाऱ्याचं सदस्यनाव आणि वेळ यांसह वाई पोलिस ठाण्यात लेखी तक्रार जाईल. अर्ज तयार आहे, सह्या झालेल्या आहेत.

घटस्थापनेनंतर कालपट पुन्हा उघडेल तेव्हा त्यात एकच रकाना असेल, मालिकेचा. ‘मधला अध्याय’ कुठे बसतो यावर वर्षभर भांडा, मीही भांडेन. उजवा रकाना पुन्हा कोणी जोडला, मग तो कितीही जुना सदस्य असो, कितीही नोंदी त्याच्या नावावर असोत, त्याच दिवशी तो तडीपार होईल आणि त्यावर फेरविचाराचा अर्ज घेतला जाणार नाही.