बक्कल घासण्याआधी

गावोगावच्या वस्तुसंग्रहांत पोलिसी पट्टा हटकून सापडतो. रुंद चामडी पट्टा, त्याला पितळी बक्कल, बक्कलावर नंबर, आणि कधी जिल्ह्याचे तर कधी संस्थानाचे नाव. कुणा निवृत्त शिपायाच्या नातवाने तो आणून दिलेला असतो, वाडा पाडताना माळ्यावर मिळालेला असतो, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून घेऊन एखाद्या हौशी माणसाने भेट दिलेला असतो. आल्या दिवशीच कोणीतरी उत्साहाने चिंच-मीठ लावून बक्कल लख्ख करतो आणि कपाटात ‘जुना पोलिस पट्टा’ अशी चिठ्ठी लागते. हे दोन्ही थांबले पाहिजे.

आधी चिठ्ठीचे बोलू. महाराष्ट्रातला पोलिस शिपाई आजही कागदावर बक्कल नंबराने ओळखला जातो. फिर्याद असो, पंचनामा असो की कोर्टातली साक्ष, नावासोबत ‘ब. नं.’ येतोच. म्हणून जुन्या बक्कलावरचा आकडा आपल्याला थेट दप्तरापर्यंत नेऊ शकतो. मात्र हा नंबर जिल्ह्यापुरता असतो. तोच आकडा शेजारच्या जिल्ह्यातही सापडेल, आणि एकाच जिल्ह्यात काळाच्या ओघात तो अनेकांच्या कमरेला लागलेला असू शकतो. जिल्हा आणि काळ यांच्याशिवाय नुसत्या आकड्यावरून माणूस ठरवता येत नाही.

काळ ठरवायला जिल्ह्याचे नावच मदत करते, आणि इथे आपल्याकडे अभ्यासाला भरपूर वाव आहे. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती नावे जाऊन जळगाव आणि धुळे ही नावे आली. ‘उत्तर सातारा’ हे नाव तर १९४९ नंतर जेमतेम दशकभर टिकले. ‘कुलाबा’ १९८१पर्यंत चालले, मग रायगड झाले. औंध, भोर, फलटण, जत ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली, कोल्हापूर १९४९ साली. मराठवाड्यातली वस्तू असेल तर १९५६पर्यंतचा हैदराबादचा कारभार लक्षात घ्यावा लागतो, विदर्भातली असेल तर मध्य प्रांताचा. अर्थात यातली खालची मर्यादा पक्की, वरची सैल. जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून कोठारातला जुना माल कोणी त्याच दिवशी फेकून देत नाही. आणखी एक सावधगिरी घ्यावी. मूळ बक्कलावरून साचा घेऊन ओतलेल्या नकला बाजारात येतात. ओतीव पितळ निवताना आकसते, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट दिसतात. वजन, जाडी आणि मागची बाजू नोंदवण्याची सवय लावली, तर अशा दोन वस्तू शेजारी न ठेवताही तुलना करता येते.

आता घासण्याविषयी. चिंचेतले आम्ल पितळातले जस्त खाते, मग पृष्ठभागावर तांबूस छटा येते. प्रत्येक घासणीबरोबर आकड्याची कड झिजते, म्हणजे ज्या खुणेसाठी वस्तू जपायची तीच आपण पुसत असतो. बाजारातल्या धातू उजळवणाऱ्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो, आणि अमोनिया हा ताण असलेल्या पितळाचा जुना शत्रू आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात, तेव्हा त्यांच्या पितळी नळ्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्यामागचे कारण १९२१ साली स्पष्ट झाले. पत्र्यातून ठोकून वाकवलेल्या बक्कलातही असा ताण उरलेला असू शकतो. म्हणून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी आणि तिथेच थांबावे. पितळ चामड्याला टेकते तिथे हिरवा मेणचट थर साचतो. तो लाकडी काडीने हलकेच काढावा आणि दोहोंमध्ये आम्लरहित कागद घालावा. बक्कल उठून दिसावे म्हणून पट्ट्यापासून वेगळे करू नये. पट्ट्याची भोके, शिवण, कमरेवर पडलेली घडी हाही त्या वस्तूचा पुरावाच आहे.

सर्वांत अवघड भाग मजकुराचा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती हुतात्मा झाले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. त्या जिल्ह्याचे बक्कल संग्रहात आले की ‘हे त्या दिवशीचे’ असे कोणीतरी सांगतेच. दप्तराचा आधार नसेल तर असे वाक्य चिठ्ठीवर जाता कामा नये. त्या दिवसाविषयी गप्प बसणेही तितकेच चूक. गावाने वर्दीला ज्या नजरेने पाहिले ती नजर मजकुरात आली पाहिजे, आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिपायाचे घरही आले पाहिजे. त्यासाठी पट्टा देणाऱ्या कुटुंबाशी पहिल्याच भेटीत बोलावे. कोण, कुठल्या ठाण्यात, कोणत्या वर्षांत, निवृत्तीनंतर पट्टा घरी कसा राहिला, हे सारे विचारून लिहून घ्यावे. आजी गेल्या की ही माहितीही जाते, आणि ती कोणत्याही पुरालेखागारात मिळत नाही.

नाटकाला किंवा फोटोला कोणी पट्टा मागितला तर देऊ नये. लोकसेवकाची खूण फसवण्याच्या हेतूने वापरणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. नाटकवाल्याचा हेतू तसा नसेलही, पण संग्रहाबाहेर गेलेला पट्टा पुढे कोणाच्या हाती पडेल, याची हमी त्यालाही देता येणार नाही.

आपापल्या संग्रहातल्या प्रत्येक पोलिसी बक्कलाचा नंबर, त्यावरचा पूर्ण मजकूर, मोजमाप, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि देणाऱ्याकडून मिळालेली हकिकत आमच्याकडे पाठवा. जिल्हावार यादी करून ती या मासिकात क्रमशः छापण्याची जबाबदारी आम्ही घेतो.