सनद मिळाली, पुढची तीन वर्षे कोण पोसणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीने देशाला एक मोठा वकील दिला. लोकनायक बापूजी अणे, म्हणजे माधव श्रीहरी अणे, २९ ऑगस्ट १८८० रोजी इथे जन्मले. शिक्षण संपवून काही वर्षे त्यांनी अमरावतीत शिक्षकी केली आणि १९०८ मध्ये यवतमाळला वकिली मांडली. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह सुरू केला. कायदा कोळून प्यालेला माणूस कायदा मोडला म्हणून तुरुंगात गेला. पुढे त्यांचे नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता झाले आणि विदर्भाच्या प्रश्नावरून मार्च २०१६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. नागपूरचे बोबडे घराणेही असेच. आजोबा वकील, वडील अरविंद बोबडे महाधिवक्ता, थोरले भाऊ विनोद बोबडे सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील, आणि शरद बोबडे देशाचे सरन्यायाधीश झाले.

या मंडळींच्या गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण वकिलाच्या घरात जन्मलेल्या मुलाला काही गोष्टी न मागता मिळतात. भिंतभर पुस्तके असतात, ओळखीचे पक्षकार असतात, कोर्टाच्या आवाराची सवय असलेला मुन्शी असतो. मुख्य म्हणजे पहिली चार-पाच वर्षे कमाई झाली नाही तरी रात्रीचे जेवण चुकत नाही.

मारेगाव किंवा झरी जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामगाराच्या खोलीतून, नाहीतर कापसाच्या कर्जात बुडालेल्या घरातून आलेल्या मुलाकडे यातले काहीच नसते. असे मूल शिकून वकील झाले की गावात सत्कार होतो, बातमी येते, ‘जिद्दीपुढे गगन ठेंगणे’ असा मथळा पडतो. शाल-श्रीफळ घेऊन तो मुलगा सोमवारी कोर्टात उभा राहतो, आणि त्याची खरी ओढाताण तिथून सुरू होते. बालपणीच्या हालअपेष्टांवर आपल्याकडे भरभरून लिहिले जाते. सनद आणि पहिली बरी फी यांच्यामधल्या वर्षांवर मात्र फारसे कुणी बोलत नाही, आणि नेमक्या याच वर्षांत ही मुले वकिली सोडून जातात.

हे दुखणे जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातला हा भाग सहसा वगळला जातो. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन एवढे सगळे पदरी घेऊन ते १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला उभे राहिले, तेव्हा सनदेपुरते पैसेही हाताशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण भागवली. सनद मिळाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर राजी नव्हते. घर चालवायला बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याची अर्धवेळ नोकरी केली. शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती आणि शाहू महाराजांची मदत मिळाली होती. वकिलीच्या पहिल्या वर्षांसाठी तशी कुठलीही सोय नव्हती. शंभर वर्षांत शिष्यवृत्त्या वाढल्या, वसतिगृहे वाढली. ही दुसरी सोय अजून जवळपास तिथेच आहे.

आता जवळची उदाहरणे पाहू. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा लागते. बाबा आमटे याच वरोऱ्यात वकिली करत होते. ती चांगली चालत असताना त्यांनी सोडली आणि शेजारी आनंदवन उभारले. पुढे डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, मग तिथे आश्रमशाळा आली. त्या शाळेत शिकलेले जुव्वी गावचे लालसू नोगोटी पुण्यात कायद्याची पदवी घेऊन माडिया आदिवासी समाजातले पहिले वकील झाले. वकिली सोडलेल्या माणसाच्या कामातून एका समाजाला पहिला वकील मिळाला, असा हा योगायोग. घरी माडिया, शाळेत मराठी, कायद्याच्या पुस्तकात इंग्रजी. तीन भाषांची ही चढण चढायला किती बळ लागते, ते शहरातल्या मुलाला कळणे अवघड आहे. नोगोटी मोठ्या शहरात रमले नाहीत. ते भामरागडला परतले, ग्रामसभांबरोबर पेसा आणि वनहक्क कायद्यावर काम करू लागले, आणि २०१७ मध्ये अपक्ष म्हणून जिल्हा परिषदेवर निवडून आले. पैनगंगेपलीकडच्या कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे शेतकरी कुटुंबातले दीपक चटप हे अलीकडचे नाव. २०२२ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते कायद्याच्या पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले.

ही दोन्ही नावे वणीपासून फार दूरची नाहीत. म्हणजे या भागातली मुले कायदा शिकू शकतात का, हा प्रश्न आता उरलेला नाही. शिकलेली मुले कोर्टात टिकतात का, हे पाहायला हवे.

टिकण्यासाठी काय लागते, ते भूषण गवई यांच्या वाटचालीतही दिसते. १९६० मध्ये अमरावतीत जन्म, फ्रेझरपुऱ्याच्या वस्तीत बालपण, नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षण आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे ५२ वे सरन्यायाधीश. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट ‘झोपडपट्टी ते सरन्यायाधीशपद’ अशी सांगितली, ती खोटी नाही. मात्र मधला एक टप्पा मथळ्यात मावला नाही. १९८५ मध्ये वकिली सुरू केल्यावर गवई १९८७ पर्यंत बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली होते, जे स्वतः महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले. शिवाय वडील रा. सू. गवई विधान परिषदेतले मोठे नाव होते. अशा सीनियरचे चेंबर पहिल्याच वर्षी मिळणे हे नशीब पोडावरच्या मुलाच्या वाट्याला कसे यावे?

आता खर्चाकडे पाहू. वणीच्या मुलाला कायदा शिकायचा तर यवतमाळचे अमोलकचंद विधी महाविद्यालय, नाहीतर चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. बारावीनंतर पाच वर्षे, पदवीनंतर तीन. मग सनद आणि बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. सनदेच्या शुल्काबाबत एक चांगली गोष्ट घडली. ३० जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने गौरव कुमार प्रकरणात निकाल दिला की, अधिवक्ता अधिनियमात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. तोवर राज्याराज्यांच्या बार कौन्सिल नाना नावांखाली हजारो रुपये उकळत होत्या. ओडिशात हा आकडा ४० हजारांच्या वर गेला होता. अशा शुल्कामुळे दुर्बल घटकांतल्या तरुणांना व्यवसायाच्या दारातच अडवले जाते, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदवले.

दार उघडले, आत बसायला जागा मिळाली का? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून सांगितले की, ज्युनियर वकिलाला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन मिळावे. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या बाररूममध्ये हा आकडा वाचून दाखवला तर आधी हसू येईल, मग जुनी मंडळी आपापल्या उमेदवारीच्या कथा सांगतील: सायकल, उधारीचा काळा कोट, सीनियरच्या घरची कामे. ‘आम्ही नाही का सोसले?’ हा त्या कथांचा शेवट. त्यांनी सोसले हे खरेच. पण न सोसवल्यामुळे जे निघून गेले, ते कथा सांगायला बाररूममध्ये नसतात.

सीनियरलाही एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. वणीसारख्या ठिकाणी मोटार अपघाताचे दावे, शेतजमिनीच्या वाटण्या, धनादेश न वटल्याची प्रकरणे यांवर चालणाऱ्या वकिलीत दोन ज्युनियरना ३० हजार रुपये दरमहा देणे सगळ्यांना परवडणारे नाही. पक्षकारच गरीब असेल तर फी कुठून वाढणार?

त्यात २० मे २०२५ चा निकाल आला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी परीक्षा द्यायची तर किमान तीन वर्षे वकिलीचा अनुभव हवा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. योगायोग असा की हे पीठ तत्कालीन सरन्यायाधीश गवई यांचेच होते. कोर्टाची पायरी न चढलेल्या पदवीधराने थेट न्यायासनावर बसू नये, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. अनेक उच्च न्यायालयांनीही तसेच मत दिले होते. पण याच अटीचे ओझे दोन घरांत वेगवेगळे पडते. वकिलाच्या मुलासाठी ही तीन वर्षे शिकण्याची असतात. शेतमजुराच्या मुलीसाठी ती बिनपगारी असतात, आणि घरी लग्नाचा विषय निघालेला असतो. पूर्वी पदवी होताच परीक्षेला बसून थेट पगाराच्या पदावर जाण्याची एक वाट तिला होती. ती बंद करताना या तीन वर्षांच्या पोटापाण्याचा विचार बरोबरीने व्हायला हवा होता.

कुणी म्हणेल, वकील काय कमी आहेत? वकील आहेत, पण कोणत्या कामाला आहेत ते पाहावे. वणी, मारेगाव, झरी या पट्ट्यात कोळशासाठी जमिनी गेल्या आणि मोबदल्याचे वाद वर्षानुवर्षे चालतात. कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा भरणे, पुरावे जोडणे, नामंजूर झाला तर अपील करणे, यासाठी त्यांची भाषा जाणणारा वकील शोधूनही सापडत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यातल्या काही कुटुंबांचा दावा स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयापर्यंत पोहोचला, तो परदेशी संस्था आणि वकिलांच्या बळावर. मोफत विधी साहाय्याचा कायदा १९८७ चा आहे, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता तो वकील देतो. मात्र त्या वकिलाला ही प्रकरणे आतून कळायला हवीत. ज्याने लहानपणी बापाला तलाठ्याच्या दारात ताटकळताना पाहिले, त्याला सातबारावरचा एक चुकीचा फेरफार किती महाग पडतो ते शिकवावे लागत नाही.

पैसा आणायचा कुठून? आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे महिन्याला ५ हजार रुपये देण्याची योजना आणली होती. रक्कम किरकोळ वाटेल, पण खोलीभाडे निघते. विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेल्यांसाठी मानधनाची सहायक पदे आहेत. ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत आणि मोजकी आहेत. पांढरकवड्याच्या सत्र न्यायालयात आणि वणीसारख्या तालुका न्यायालयांतही ती असावीत, ही मागणी वकील संघांनी लावून धरायला हवी.

आणि वणीकडे स्वतःचा एक स्रोत आहे. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर कोळशाच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा जमा होतो, आणि तो खाणींनी बाधित झालेल्या लोकांसाठीच खर्चायचा असतो. शिक्षण आणि कौशल्यविकास ही त्याची प्राधान्याची कामे. खाण कंपनीने मेहेरबानीने दिलेला हा निधी नव्हे, त्यामुळे त्यावर उभा राहिलेला वकील उद्या त्याच कंपनीविरुद्ध भूसंपादनाचा दावा लढवताना मिंधा राहणार नाही. बार कौन्सिलचाच ग्रामीण आकडा धरला तर एका ज्युनियरला ३६ महिन्यांचे ५ लाख ४० हजार रुपये लागतात. पाच जणांना २७ लाख. एवढ्या रकमेत गावात सिमेंटचा एखादा रस्ता होतो.

निवड खाणबाधित गावांतल्या आणि पोडांवरच्या, घरात आधी कुणी वकील नसलेल्या सनदधारकांतून व्हावी. वकील संघाने सीनियर नेमून द्यावा. दर तीन महिन्यांनी त्या सीनियरने लेखी कळवावे की, ज्युनियरने कोणकोणत्या प्रकरणांत स्वतः युक्तिवाद केला आणि किती साक्षीदार तपासले. नुसती तारीख घेतल्याची हजेरी त्यात धरू नये. निम्म्या जागा मुलींसाठी असाव्यात. खनिज प्रतिष्ठानच्या पुढच्या वार्षिक आराखड्यात हे कलम घालण्यासाठी नवा कायदा लागत नाही, वणीच्या वकील संघाला जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो.