गाठीची पारख बोटांनी नव्हे, सुईने

कुत्र्याच्या अंगावर गाठ हाताला लागली की घरोघरी बहुधा एकच निर्णय होतो : ‘मऊ आहे, दुखत नाही, चरबीची असेल, वाढली तर पाहू.’ स्वाक्षरी ताडून पाहिल्याशिवाय बँकेत धनादेश वटत नाही. येथे मात्र आपण केवळ स्पर्शावर विश्वास टाकतो.

त्वचेखालील मऊ, हलणाऱ्या गाठींपैकी पुष्कळ खरोखरच चरबीच्या व निरुपद्रवी असतात. तरुण कुत्र्यांना होणारी ‘हिस्टिओसायटोमा’ ही बटणासारखी लालसर गाठ तर बहुधा आपोआप जिरते. परंतु मास्ट पेशींचा कर्करोग, जो कुत्र्यांच्या त्वचेत वारंवार आढळतो, या दोहोंसारखा दिसू शकतो. त्याच्या पेशींत हिस्टामिन साठलेले असते. त्यामुळे गाठ चोळली की फुगते आणि नंतर ओसरते. ‘कमी झाली’ म्हणून निश्चिंत होणे येथेच घातक ठरते.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील पेशी काढतात, काचपट्टीवर पसरून त्यांना रंग देतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. चरबीचे थेंब आहेत की जांभळ्या कणांनी भरलेल्या पेशी, हे बहुधा तेथेच कळते. सुईने रोग पसरेल ही भीती अनेकांना वाटते; त्वचेच्या गाठींत तसे क्वचितच घडते. सुईने उलगडा न झाल्यास गाठीचा तुकडा काढून तपासतात.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठही प्रयोगशाळेत पाठवावी. मास्ट पेशींच्या गाठीची प्रत सौम्य की उग्र, आणि कापलेल्या कडांपर्यंत रोग पोहोचला होता का, हे तेथेच समजते. खर्च वाचविण्यासाठी ही तपासणी गाळणे म्हणजे बेरीज मांडून ताळा न पाहणे.

विलंबाची किंमत मात्र मुक्या जीवाला मोजावी लागते. पायावरची लहान गाठ भोवतालच्या निरोगी कातडीसह काढता येते. तीच वाढली की जखम शिवायला कातडी पुरत नाही, प्रसंगी पायही गमवावा लागतो.

म्हणून महिन्यातून एकदा कुत्र्याच्या सर्वांगावरून हात फिरवावा. गाठ आढळल्यास तिची जागा, तारीख व माप वहीत लिहावे. ती १ सेंटिमीटरएवढी झाली असेल किंवा महिनाभर टिकली असेल, तर सुईची तपासणी करून घ्यावी. त्याआधीच ती वाढू लागली किंवा फुटली, तर महिन्याची वाट पाहू नये.