कापसाची गाठ आणि संत्र्याची पेटी

सौंसरला आमच्या आत्याकडे लोखंडी पेटीत शेताचे जुने कागद आहेत. काही १९५६ च्या आधीचे, म्हणजे आपली राजधानी नागपूर होती तेव्हाचे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. कागदांवरची शाई फिकी पडत चालली आहे, म्हणून आतेभावाने ते सगळे स्कॅन केले. आता तो फोल्डर पुण्याला, भोपाळला आणि अमेरिकेतल्या काकांना जायचा आहे. "दादा, व्हॉट्सॲपवर टाकून देऊ का?" असं त्याने विचारलं. फोटो म्हणून टाकलास तर ते लहान होऊन जातील, आणि पटवाऱ्याची बारीक अक्षरं पुन्हा कधीच वाचता येणार नाहीत, हे माझं उत्तर.

तर आज लिनक्सच्या टर्मिनलवरून गाठोडं बांधणं आणि सोडणं.

आपल्याकडच्या मुलांना हे समजायला सोपं आहे, कारण जिनिंग-प्रेसिंग आपण पाहिलेलं असतं. मोकळा कापूस ट्रॉलीभर दिसतो, प्रेसमध्ये दाबला की १७० किलोची घट्ट गाठ होते. गाठ सोडली की रुई तेवढीच. संत्र्याचं तसं नाही. संत्री पेटीत नीट रचता येतात, पण दाबली तर रसच निघेल.

'टार' ही कमांड म्हणजे पेटी. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आली, चुंबकीय टेपवर फाइली साठवायला. ती अनेक फाइली एकामागे एक रचून एकच फाइल करते, दाबत काही नाही. दाबण्याचं काम 'जीझिप'चं. ते १९९२ मध्ये ज्याँ-लू गाय्यी आणि मार्क ॲडलर यांनी लिहिलं, कारण त्याआधीच्या 'कॉम्प्रेस' प्रोग्रामच्या पद्धतीवर पेटंटची अडचण होती. जीझिप मागच्या ३२ किलोबाइटमध्ये तोच मजकूर आधी येऊन गेला का ते पाहतं. आला असेल तर पुन्हा न लिहिता "इतकं मागे जा, इतकं उचल" एवढीच खूण ठेवतं.

इथे मराठीचा एक मजेदार फायदा आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'कागद' या शब्दात काना धरून चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. पण या शब्दातल्या प्रत्येक तिघांतले पहिले दोन बाइट अगदी सारखेच असतात. इतकी पुनरुक्ती म्हणजे जीझिपला मेजवानीच! म्हणून मराठी मजकुराची फाइल छान दबते. जेपीईजी फोटो मात्र आधीच दाबलेला असतो, त्याचं संत्रं झालेलं असतं. फोटोंच्या फोल्डरचं टार-जीझिप करूनही आकार जवळपास तेवढाच राहिला तर कमांड बिघडली असं समजू नका. एकच फाइल पाठवायची सोय झाली, हाच तिथला लाभ.

आता कमांड. आधी 'टार', मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून सी, झेड, एफ ही लहान इंग्रजी अक्षरं. त्यापुढे गाठोड्याचं नाव, आणि शेवटी फोल्डरचं. सी म्हणजे नवीन बनव, झेड म्हणजे जीझिपने दाब, एफ म्हणजे पुढचं नाव गाठोड्याचं. हा क्रम काटेकोर पाळा. गाठोड्याचं नाव राहून गेलं आणि एफनंतर थेट दोन फोटोंची नावं दिली, तर टार पहिल्या फोटोलाच गाठोडं समजतं आणि त्याच्यावर लिहून टाकतं. विचारत नाही. तो फोटो गेला.

सोडताना सीच्या जागी एक्स. पण त्याआधी टी वापरून आत काय आहे ते पाहून घ्यायची सवय लावा, कारण सोडताना त्याच नावाची फाइल समोर असेल तर टार तिच्यावरही बिनदिक्कत लिहितं. मी नेहमी रिकामा फोल्डर करतो आणि मोठा सी देऊन त्यातच सोडतो.

नुसतं जीझिप एखाद्या फाइलवर चालवलं तर दाबलेली फाइल राहते आणि मूळ निघून जाते. मूळ हवी असेल तर के लावा. आत्याच्या पेटीतल्या कागदांसाठी के न लावणं मला तरी जमणार नाही.

पोचल्यावर दोन्हीकडे 'शा-२५६-सम' चालवून येणारी लांबलचक अक्षरं जुळवा. जुळली तर एकही बाइट इकडचा तिकडे झालेला नाही. नाही जुळली तर पुन्हा पाठवा, आणि तोवर मूळ स्कॅनला हात लावू नका.

काकांकडे विंडोज असेल तरी चालेल; विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार आहेच. त्यांना काळी खिडकी उघडायचा कंटाळा असेल तर त्यांच्यापुरतं 'झिप' करून द्या. फक्त फाइलींची नावं मराठीत असतील तर एखादा जुना झिप प्रोग्राम त्यांची चौकोन-प्रश्नचिन्हं करतो, तेव्हा आधी एक छोटी फाइल पाठवून बघा.